डीपी मागण्याआधी जळालेली डीपी उघडून बघा

प्रति,
वीज कंपनीच्या उपविभागातले साहेब, गावोगावचे सरपंच, पाणीपुरवठा सोसायट्यांचे चेअरमन आणि एकेका डीपीवर मोटारी असलेले सगळे बागायतदार

विषय: उन्हाळ्यात जळणाऱ्या डीपी, जळणाऱ्या मोटारी आणि दरवर्षीची तीच ती मागणी

स. न. वि. वि.

फेब्रुवारी सरत आला की पलूस, तासगाव, वाळवा या पट्ट्यात उसाला पाण्याच्या पाळ्या वाढतात आणि जळून पुन्हा तार भरायला आलेल्या मोटारींची रांगही वाढते. मार्चमध्ये डीपी, म्हणजे खांबावरचे ट्रान्सफॉर्मर, जायला लागतात. मग निवेदन, मग उपविभागाच्या दारात ठिय्या, आणि मागणी ठरलेली: ६३ केव्हीएची काढा, १०० ची बसवा. कुणीतरी वजन वापरतं, डीपी येते, नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. पंधरा दिवसांनी तीही जाते, तेव्हा त्या फ्लेक्सखाली कुणी उभं राहत नाही.

आम्ही मोटारी भरणारी, पंप बसवणारी, स्टार्टर दुरुस्त करणारी माणसं. मोटारी जळायच्या थांबल्या तर आमचं काम निम्म्यावर येईल, तेव्हा आमच्याच पोटावर पाय आणणारं पत्र म्हणून हे वाचा. म्हणणं एवढंच, की डीपी बदलली जाते आणि ती जळण्याचं कारण तिथंच राहतं.

मोटार उघडली की काय झालं ते कॉइलीच सांगतात. स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली काळ्याकुट्ट आणि तिसऱ्या फेजच्या कालच भरल्यासारख्या तांबूस दिसल्या, तर एक फेज गेलेली असताना ती मोटार चालत राहिली. डेल्टात उलटं असतं. तिथं एका फेजच्या कॉइली जळतात, दोन फेजच्या शाबूत राहतात. सगळ्याच सारख्या करपल्या असतील तर व्होल्टेज कमी, लोड जास्त किंवा रोटर जाम. आणि एकाच खाचेत तांबं वितळून गोळा झालाय, बाकी वार्निश चकचकीत आहे, असं दिसलं तर आत पाणी शिरलंय किंवा खाचेतला कागद फाटलाय. उन्हाळ्यातली मोटार बहुतेक वेळा पहिल्या तिन्हींपैकी एका प्रकारातली निघते. म्हणजे दोष बहुधा मोटारीत नसतो, तिला मिळणाऱ्या विजेत असतो. आणि ती वीज बिघडवण्यात डीपीवरच्या सगळ्यांचाच हात असतो. बागायतदारांनो, आधी तुमच्याशीच बोलतो.

ऑटोपासून, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू करणाऱ्या स्विचपासून, सुरुवात करू. १०० केव्हीएच्या डीपीवर ४३३ व्होल्टला पूर्ण लोडचा करंट भरतो १३३ अँपिअर. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते. अशा पंधरा मोटारी चालल्या तर ११५-१२० अँपिअर झाले. कागदावर डीपी पुरते, आणि खरंच पुरते. पण चालू होताना तीच मोटार थेट स्टार्टरवर सहापट करंट ओढते. लाइट आली, पंधरा ऑटो एकाच सेकंदाला बसले, की मागणी सातशे अँपिअरच्या घरात जाते. व्होल्टेज धाडकन खाली येतं. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते: ४१५ चे ३०० झाले की ताकद निम्मी उरते. त्या निम्म्या ताकदीत मोटारीला उठताच येत नाही. ती गुरगुरत राहते, आणि जोवर ती वेग पकडत नाही तोवर ओढ कमी होत नाही. पंधराही जणी एकमेकींचा पदर धरून बसल्यासारख्या. मग फ्यूज जातो. फ्यूज गेला नाही तर आणखी वाईट, ते पुढं सांगतो.

ऑटो का लावतात ते आम्हाला ठाऊक आहे. रात्री लाइट आल्यावर उसातून विहिरीपर्यंत जायचं म्हणजे एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि मनात बिबट्या. वाळवा-शिराळ्याकडच्या माणसाला हे सांगायला नको. म्हणून ऑटो काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. ऑटोला टायमर जोडा. स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच्या (वीज गेली की मोटार सोडणाऱ्या कॉइलच्या) सर्किटमध्ये एक ऑन-डिले टायमर बसतो. लाइट आल्यावर तो ठरलेले सेकंद थांबतो आणि मग मोटार घेतो. डीपीवरच्या मोटारींना एक ते पंधरा नंबर द्या. एक नंबरला वीस सेकंद, दोनला चाळीस, तीनला साठ. पंधरावी मोटार पाच मिनिटांनी चालू होईल. आठ तासांच्या पाळीत पाच मिनिटांनी कुणाचा ऊस वाळत नाही. अडचण वेगळीच आहे. पंधरावा नंबर कुणी घ्यायचा? भावकीत बांधावरून जे होतं तेच इथं होतं. त्यावर तोड म्हणजे दर महिन्याला नंबर फिरवा, किंवा ज्यांची विहीर सगळ्यात लवकर तळाला जाते त्यांना शेवटचे नंबर द्या, त्यांचा तसाही तोटा नाही.

मोबाइल स्टार्टरमध्ये हा डिले आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये सेकंद भरायचे असतात. पण बसवणारा तो आकडा कंपनीतून आला तसाच ठेवतो. मग गावात दहा जणांचे दहा महागडे स्टार्टर अगदी शिस्तीत एकाच सेकंदाला मोटारी चालू करतात.

कपॅसिटर हा तसा जुना, कंटाळवाणा विषय. तीन एचपीला एक केव्हीएआर, पाचला दोन, साडेसातला तीन, दहाला चार, हे गणित सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि डबाही बहुतेकांच्या स्टार्टरशेजारी लटकलेला आहे. फक्त त्याची वायर सुटलेली असते. कपॅसिटर चालू असेल तर पाच एचपीच्या मोटारीचा लाइनवरचा करंट साडेआठवरून सातपर्यंत येतो. ही दीड अँपिअरची बचत किरकोळ वाटते, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं चालते, त्यामुळे तेवढ्यानं तारेतलं नुकसान तीस टक्क्यांनी घटतं आणि शेवटच्या खांबावर व्होल्टेज उरतं. टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) वायरीला लावा, कपॅसिटर जोडून आणि काढून बघा. आकडा बदलला नाही तर डबा मेला, नवा लावा. आणि कपॅसिटरला हात लावण्याआधी मेन बंद करून तो डिस्चार्ज झाल्याची खात्री करा, धक्का नको.

आता 'टू फेज'च्या डब्याबद्दल. गावठाणासाठी सिंगल फेज सोडली, किंवा एक डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला, की मोठे कपॅसिटर टाकून दोन फेजवर मोटार दामटायची पद्धत आहे. पाणी येतं, नाकारायचं कारण नाही. पण मोटारीच्या दोन फेजवर वाजवीपेक्षा जास्त करंट जातो आणि डीपीवरच्या इतर सगळ्यांच्या तीन फेजांचं व्होल्टेज वाकडं होतं. किती वाकडं, हे घरच्या मल्टिमीटरवरही कळतं. तिन्ही जोड्या मोजा. समजा ४००, ३८५ आणि ३७० आले. सरासरी ३८५, त्यापासून सर्वांत मोठा फरक १५, म्हणजे जवळपास चार टक्के. या फरकाचा वर्ग करून दुप्पट केली की वाइंडिंग किती टक्के जास्त तापेल याचा ठोकताळा मिळतो. इथं तीस टक्के. इन्सुलेशनचं आयुष्य दर दहा अंशाला निम्मं होतं असं आमच्या धंद्यात धरून चालतात. एकानं चार तास टू फेजवर पाणी घेतलं, त्याचा दाम शेजारच्या विहिरीवरची मोटार भरते.

ज्या भागात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तिथं पंपाची पाटी वाचता न येणारा शेतकरी शोधून सापडायचा नाही. पण हल्ली पाटी वाचता येणं पुरत नाही. पाटीवर पाच एचपी आणि आत साडेसातची मोटार, हे सर्रास आहे. आणि इथं आमच्याच जातभाईंचे कान धरायला हवेत: गिऱ्हाईक म्हणालं म्हणून पाचच्या बॉडीत जाड तार, कमी वेढे भरून देणारे आमच्यातलेच आहेत. मंजूर भार पाचचा, बिल पाचचं, ओढ साडेसातची. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाला मोफत वीज झाली, तेव्हापासून बिलाचीही भीती उरली नाही. उपविभागातले साहेब कागदावरच्या पाचाला पाच धरून डीपीचा हिशेब करतात आणि डीपी खऱ्या साडेसातानं जळते. खरा भार एकदा सांगून टाका. तो लपवून मोठी डीपी मागता येत नाही, हे साधं आहे.

आता फ्यूज. डीपीच्या पेटीत किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार धरणाऱ्या साच्यात, काय घातलंय ते कधी बघितलंय? चार पदरी पीळ घातलेली अल्युमिनियमची तार, कधी कधी तर लाइनच्या तारेचा तुकडाच. फ्यूज सारखा जातो म्हणून तार जाड केली, आता तो जात नाही आणि सगळे खूश. १०० केव्हीएच्या डीपीचा अडथळा साडेचार टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे तिच्या जवळ लाइनच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर अडीच हजार अँपिअरच्या आसपास करंट वाहू शकतो. त्या झटक्यानं आतल्या कॉइली अक्षरशः ढकलल्या जातात, जागेवरून सरकतात. बाहेरून डीपी ठणठणीत दिसते आणि पुढच्या वाऱ्याला जाते. फ्यूज जायला हवा तेव्हा गेला नाही की त्याच्या जागी डीपी जाते. एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात ढिल्या तारा उसावर झोके घेतात, त्यामुळे हा अपघात मुळीच दुर्मीळ नाही.

आणि फ्यूज टाकायला वायरमन येईस्तोवर दम निघत नाही म्हणून पोरं डीपीवर चढतात. एबी स्विच (खांबावरची लाइन तोडणारा खटका) ओढला म्हणजे लाइन मेली असं समजू नका. तिन्हीपैकी एक पातं गंजून जागेवरच अडकलेलं असतं, खालून ते दिसतही नाही. एखाद्याचा जनरेटर मागून लाइनमध्ये वीज सोडत असतो. ११ हजार व्होल्टला हात लागावाच लागतो असंही नाही. हे काम वायरमनचंच आहे, तास-दोन तास उसाला उशीर झालेला परवडतो.

साहेब, आता तुमच्याकडे वळतो. शेतीची डीपी शहरातल्या डीपीपेक्षा लवकर का मरते, याचा एक भाग तुमच्या हातात आहे. शहरातली डीपी दिवसभर थोडी थोडी तापलेली राहते. शेतीची आठ तास फुल तापते आणि सोळा तास थंड पडते. तापली की तेल फुगून हवा बाहेर ढकलते, निवली की बाहेरची हवा आत ओढते. रोज एवढा मोठा श्वास. तो श्वास ब्रीदरमधल्या (डीपी हवा घेते त्या डबीतल्या) सिलिका जेलमधून जायला हवा, आणि जेल निळं असायला हवं. गुलाबी झालं म्हणजे ते ओलावा शोषून भरलं. आपल्याकडे बहुतेक ब्रीदरच्या काचेत जे दिसतं ते निळं नसतं, गुलाबीही नसतं, मातकट असतं, आणि खालच्या वाटीत तेलही नसतं. ओलावा थेट तेलात उतरतो. चालू डीपीच्या तेलानं चाचणीत ३० केव्ही तरी सोसायला हवेत. पावसाळ्यानंतर ही चाचणी किती डीपींची होते, ते तुमच्या रजिस्टरला विचारा.

एकदा डीपीच्या खाली उभं राहून खालच्या बाजूचे एलटी बुशिंग (कमी दाबाच्या तारा बाहेर येतात त्या जागा) बघा. तांब्याच्या स्टडवर अल्युमिनियमचा लग (तारेच्या टोकाची पट्टी) थेट आवळलेला, मध्ये दोन धातू जोडणारा बायमेटल नाही. लगभोवती पांढरी पूड. नट जरा ढिला. तिथं ठिणगी पडत राहते, स्टड तापतो, खालचं रबरी पॅकिंग कडक होऊन तडकतं आणि तेलाची बारीक धार टाकीवर उतरते. त्या ओघळावर धूळ बसून काळा पट्टा तयार होतो. तो पट्टा रस्त्यावरूनही दिसतो. त्या दिवशी एक बायमेटल लग, एक पॅकिंग आणि पाना पुरतो. नंतर तेल वाइंडिंगच्या खाली गेलं की पूर्ण डीपीच लागते.

अर्थिंगही तसंच. विजेचा झटका सोसायला बसवलेल्या अरेस्टरची खालची तार चोरीला गेलेली किंवा गंजून तुटलेली असेल, तर तो अरेस्टर नुसता शोभेचा उरतो आणि वळवाची पहिली वीज सरळ वाइंडिंगवर जाते. न्यूट्रलची अर्थिंग सुकली आणि न्यूट्रलची जोडही सुटली, तर शेतातल्या घरात कुठं पंखा जळतो, कुठं बल्ब मिणमिणतो. त्यावर उपाय म्हणून लोक स्टॅबिलायझर आणतात. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतायचं काम ग्रामपंचायतीच्या माणसाकडे दिलं तरी फरक पडतो.

आणि ६३ ची १०० केली म्हणजे टोकाच्या खांबावर व्होल्टेज वाढतं, हा समज तुम्हीच मोडायला हवा, कारण शेतकऱ्याला कुणी सांगतच नाही. विझल तारेचा (लाइनच्या बारीक अल्युमिनियम तारेचा) रोध किलोमीटरला साधारण ०.९ ओहम. टोकाला पाच मोटारी ४० अँपिअर ओढत असतील आणि लाइन किलोमीटरभर लांब असेल, तर फेजमागे ३६ व्होल्ट, म्हणजे दोन फेजांमध्ये बासष्टेक व्होल्ट वाटेतच गळतात. डीपीपाशी ४१५ असले तरी तिथं ३५० च मिळतात. डीपी दुप्पट केली तरी हे बासष्ट तसेच राहणार. इथं डीपी मोठी नको, ती भाराच्या मधोमध सरकवायला हवी, किंवा तार जाड करायला हवी. २०१८ मध्ये एचव्हीडीएस योजना आली तीच मुळी या विचारानं: उच्च दाबाची लाइन शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटी डीपी द्यायची. तत्त्व चोख आहे. पण छोट्या डीपीतही तेल असतं, ब्रीदर असतो, फ्यूज असतो. एकाऐवजी दहा डीपींची देखभाल कोण करणार, हा प्रश्न त्या योजनेनं सुटलेला नाही.

म्हणून जळालेली डीपी नेताना एका कागदावर चार ओळी लिहा. तिन्ही फेजचा करंट आणि व्होल्टेज, दोन्ही सगळ्या मोटारी चालू असताना मोजलेले. किटकॅटमध्ये सापडलेली तार कोणती. जेलचा रंग आणि तेलाची पातळी. उघडल्यावर कोणत्या फेजची कॉइल गेली. आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. वीज कायदा २००३ चं कलम ५७ सेवेच्या मानकांबद्दल आणि नुकसानभरपाईबद्दल बोलतं, ते गावातल्या बऱ्याच जणांना माहीत झालंय. त्या कागदानं वाद कमी होतील, तुमचेही.

पुढारी मंडळींना थोडंच सांगायचं आहे. सिलिका जेल बदललं म्हणून फ्लेक्स लागत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण नव्या डीपीचा नारळ फोडताना खाली उभ्या असलेल्या पंधरा जणांकडून तिथंच टायमरचे नंबर ठरवून घेता येतील. तुमचा शब्द वायरमनपेक्षा जास्त ऐकला जातो. आणि वीज चोरायला तारेवर टाकलेले आकडे काढायला आलेल्या पथकाला फोन लावून परत पाठवणं बंद करा. आकडा टाकणारा मतदार असतो तसे आकड्यामुळं मोटार जळालेले चौदाही मतदारच असतात.

सौर पंपाबद्दल गावात दोन टोकं आहेत. दिवसा पाणी मिळतं, रात्रीची पाळी सुटते, ही गोष्ट मोठीच. सौर कृषी वाहिनी योजनेतून फीडरच दिवसा चालणार असेल तर ऑटोचं निम्मं भांडण मिटेल. पण नदीवरून दीड-दोन किलोमीटर पाइपलाइनने पाणी उचलणाऱ्या दहा एचपीच्या जागी पाच एचपीचा सौर पंप टाकून तेवढंच पाणी मागू नका. पॅनेलवर धूळ बसली, ढग आले की वेग कमी होतो, आणि उचल जास्त असेल तर ठरावीक वेगाच्या खाली पाणी पाइपच्या तोंडाशी पोचतच नाही, पंप नुसता फिरतो. आधी एकूण हेड मोजा: पाण्याच्या पातळीपासून सोडण्याच्या जागेपर्यंतची उंची, अधिक पाइपमधल्या घर्षणाचा भाग. मग मॉडेल निवडा.

कृष्णाकाठच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. चाळीस फुटांची वाट न बघता मोटारी वर काढा. बुडालेली मोटार वर आली की लगेच चालू करून बघायचा मोह आवरा. आधी गोड्या पाण्यानं गाळ धुवा, बेअरिंग काढा, साठ-सत्तर अंशांच्या भट्टीत वाळवा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) एक मेगाओहमच्या वर आकडा आल्याशिवाय वीज देऊ नका. नुसतं दोन दिवस उन्हात ठेवून खाचेतलं पाणी निघत नाही. बुडालेल्या डीपीला हाच नियम, फक्त तिथं तेलाची चाचणीही हवी.

हे सगळं एका डीपीवर करून बघायला एक दुपार लागते. दसरा झाला की विहिरी भरलेल्या असतात, मोटारी बंद असतात, वायरमनलाही वेळ असतो. एक टाँग टेस्टर, एक मल्टिमीटर, पंधरा टायमर आणि पंधराही जण हजर. उपविभागानं तारीख द्यावी, आम्ही आमची हत्यारं घेऊन येतो, मजुरी नको.

कळावे,
आपले,
मोटारी भरणारे आणि पंप दुरुस्ती करणारे कारागीर,
पलूस-तासगाव-वाळवा परिसर, जि. सांगली

ता. क. टायमर बसवण्याआधी फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) तपासा. रात्रीत पाइप रिकामा होत असेल तर ऑटोवर पंप कोरडाच फिरतो आणि ग्लँडची दोरी जळून जाते. मोटार बंद करून तासाभरानं पंपाच्या वरचा प्लग उघडायचा. पाणी काठोकाठ दिसलं तर फूटव्हॉल्व्ह ठीक आहे.